साध्या पाण्यात ९९२

एल बोल्सोन, ५ डिसेंबर १९९९

बासिलिओ,

मित्रा म्हणू की माजी मित्रा, ते तू ठरव. मी नुसतं नाव लिहून मोकळा झालोय. फोन तू उचलत नाहीस, उचललास तर माझा आवाज ऐकून आपटतोस, म्हणून हा कागद. कागद आपटता येत नाही, निदान फाडण्याचे तरी कष्ट घ्यावे लागतात.

आधी मुद्द्याचं. नासारेनाचं लग्न अकरा मार्चला, शनिवारी. सकाळी चर्च, मग जेवण माझ्या सफरचंदाच्या झाडांखाली. तिने तुला हे कळवलं आणि तू तिला काय उत्तर पाठवलंस तेही मला ठाऊक आहे, कारण पोरगी ते पत्र घेऊन थेट माझ्याकडे आली. ‘ज्या हाताने तुझा चेहरा फाडला, तो हात तुझ्या हातात देऊन मला चर्चमध्ये चालता येणार नाही. एवारिस्तो तुझा धर्मपिता आहे, त्याला ने.’ वा रे वा! नाटक कंपनीत जायचं सोडून तू उगाच पाव भाजत बसलास. ती वाचून दाखवत होती, मी नळीने माते, आपला तो कडू चहा, पीत बसलो होतो आणि नळी माझ्या तोंडात तशीच राहिली.

मी म्हणालो, “पोरी, मी चालेन तुझ्याबरोबर. पण माझी चाल बदकाची आहे, लोक हसतील.”

ती म्हणाली, “काका, मला बदक नको. मला बाबा हवेत.”

आता बोल.

तिच्या भुवईपासून गालापर्यंतची रेघ आता बरीच फिकी झालीये. हसली की दिसते, आणि ती पुष्कळ हसते. नवरा मुलगा दामियान एल ओयो गावचा, चीज बनवतो, हात स्वच्छ आणि बोलणं कमी. तुला आवडेल. मला अजून पुरता आवडलेला नाही, कारण तो माझं बोलणं मध्येच थांबवून प्रश्न विचारतो.

झालं ते झालं, बासिलिओ. त्या नोव्हेंबरात अचानक उन्हाळा पेटला, माझ्या शेडमधल्या बाटल्या फुटल्या, आणि पोरगी नेमकी तेव्हाच तुझ्या वाढदिवसासाठी बिअर आणायला आत गेली होती. डोळा वाचला, हे काय कमी आहे? बाटल्या भरताना फेसासाठीची साखर पडली असेल तुझ्या हातून दोनदा. तुझं तोंड चालू असलं की हात काय करतोय ते तुला कधीच कळत नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात चारचौघांत मी ते ओरडून बोललो, तेवढं बोलायला नको होतं. मान्य. पण म्हणून पुएर्तो माद्रिनला बहिणीच्या घरी समुद्राकडे तोंड करून तीन वर्षं बसायचं?

लग्नाची बिअर मीच करणार हे सांगायला नकोच. तू गेल्यापासून माझा हात असा काही बसलाय की विचारू नकोस. खोऱ्यात कुणाचीही बिअर १०१२ च्या खाली उतरत नाही. माझी १००६ ला उतरते, दर वेळी! आपल्या बिअर करणाऱ्यांच्या मंडळातले लोक माझी वही बघायला येतात. तुला आकड्यांचं वावडं, म्हणून शंभराव्यांदा सांगतो. रसात साखर जास्त असली की रस जड होतो आणि तरकाटा, म्हणजे घनता मोजायची ती काचेची नळी, वर तरंगतो. यीस्ट साखर खातं तसा तो बुडत जातो आणि आकडा उतरतो. काचेच्या मानेत कागदाची पट्टी आहे, रसाच्या पातळीशी जो आकडा दिसेल तो वाचायचा. यात जिभेला काही काम नाही. फक्त हल्ली माल्ट फार हलका येतो, सुरुवातीला १०५२ गाठायला पूर्वीपेक्षा एक पोतं जास्त घालावं लागतं. व्यापारी लुच्चे झालेत, दुसरं काय.

अकरा मार्च. कोट धुवायला टाक.

एवारिस्तो


एल बोल्सोन, २७ डिसेंबर १९९९

बासिलिओ,

तुझं उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे बहिणीने ते तुला दिलंय आणि तू ते पिठाच्या डब्याखाली ठेवून रोज काढून वाचतोयस. मी तुला चाळीस वर्षं ओळखतो.

नाताळ बरा गेला. नासारेनाने तुझ्या भट्टीत गोड पाव भाजले. दुकान ती छान चालवते. वरचं कवच तुझ्या पावासारखं फुटत नाही एवढंच, पण तिला सांगू नकोस.

आज लग्नाची पहिली खेप घातली. दामियान मदतीला आला होता. बिअरमधलं त्याला काही कळत नाही, पण हातात काम दिलं की प्रश्न कमी विचारतो असा माझा समज होता. मी रसाचा नमुना नळकांड्यात घेतला, शिस्तीत वीस अंशांवर थंड होऊ दिला, तरकाटा सोडला, बोटाने फिरवून बुडबुडे झटकले. १०५२. वेधशाळेत सरकारचा पारा एकतीस वर्षं वाचलेल्या डोळ्याने वाचलं, त्यात फेर नाही.

या पठ्ठ्याने बोट बुडवून चाटलं आणि म्हणाला, “काका, हे फार गोड नाही का?”

“तुला काय माहीत, किती गोड असतं ते?”

“माहीत नाही. पण मागच्या महिन्यात मंडळातल्या लालोच्या घरी १०५२ च्या रसाची चव दिली होती त्यांनी. तो एवढा गोड नव्हता.”

मी म्हणालो, “लालोचा काटा चुकत असेल.”

“असेल,” तो म्हणाला. “मी आमचा दूध तपासायचा काटा रोज सकाळी आधी साध्या पाण्यात सोडून बघतो. तुम्ही हा पाण्यात कधी बघितलात?”

मी हसलो. तुला माहितेय मी कसा हसतो. म्हणालो, “मुला, तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी उपकरणं तपासतोय.” तो म्हणाला, “हो, पण हे?” आणि नळाचं पाणी आणायला गेला.

बाकी सगळं ठीक. आज एवढंच.

ए.


एल बोल्सोन, ५ जानेवारी २०००

बासिलिओ,

हवा कोरडी. सकाळी अकरा अंश, दुपारी सव्वीस. डोंगरावर ढग नाही.

वही नीट लावायला काढलीये, जुन्या नोंदींत एक-दोन जागा रिकाम्या आहेत, म्हणून विचारतो. शहाण्णवच्या ऑक्टोबरात आपण पहिलं पिंप बाटल्यांत भरलं, त्याआधी तू चमच्याने चाखून काहीतरी म्हणाला होतास. नक्की काय म्हणाला होतास? शब्दन् शब्द आठवत असेल तर कळव. वहीसाठी हवंय, बाकी काही नाही.

नासारेना मजेत आहे. कपड्याचं माप देऊन आली.

ए.


एल बोल्सोन, १६ जानेवारी २०००

बासिलिओ,

मागचं पत्र खोटं होतं. वहीत कुठलीही जागा रिकामी नाही, माझ्या वहीत कधीच नसते. तू काय म्हणालास तेही मला शब्दन् शब्द आठवतं. तू सांगितलंस तर मग मला सांगावं लागणार नाही, अशी एक भित्री आशा होती.

आता बस. तुझ्या बहिणीलाही बसव, तिला माझ्याबद्दल जे वाटतं त्याला आज पुरावा मिळेल.

दामियानने पाणी आणलं. वीस अंश, मी स्वतः थर्मामीटरने बघितलं. त्यात तरकाटा सोडला. साध्या पाण्यात त्याने हजार दाखवायला हवं, हे शाळेतलं पोरही सांगेल. त्याने ९९२ दाखवलं. मी पुसून पुन्हा सोडला. ९९२. पाणी बदललं, नळकांडं बदललं, चष्मा बदलला. दामियान हळूच म्हणाला, “काका, आतला कागद खाली सरकलाय बहुतेक.” त्याला वाटलं माल्ट फुकट जास्त गेला, एवढंच नुकसान. तो बिचारा त्यावर हसलासुद्धा. म्हणाला, “म्हणजे तुमची बिअर १००६ ला नाही, १०१४ ला उतरते. आणि लोक दोन ग्लासांत गायला लागतात ते म्हणूनच!”

मी हसलो नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, कागद कधी सरकला.

दामियान गेल्यावर मी तरकाटा मोज्यांच्या कप्प्यात लपवला आणि अठरा दिवस त्या कप्प्यातले मोजे घातले नाहीत. फोडून टाकला असता तर कुणाला कधीच कळलं नसतं, हेही मनात येऊन गेलं. दोनदा आलं. मग परवा वही काढली, टेबलावर उन्हात बसलो आणि सरकारी अहवाल लिहायचो तसा सगळा क्रम लावला. तोच तुला लिहितो.

अठ्ठावीस सप्टेंबर शहाण्णव. पहिलं पिंप. सुरुवात १०५२, नमुना थंड करून. हे खरं.

बारा ऑक्टोबर. दुसऱ्या पिंपाचा रस चुलीवरून नुकताच उतरवलेला. मंडळाचे लोक अंगणात जमलेले, आणि मला आकडा जाहीर करायची घाई. तू म्हणालास, “अरे, थंड तर होऊ दे.” मी म्हणालो, “तापमानाचा तक्ता आहे माझ्याकडे, तू तुझे पाव बघ.” आणि वाफाळत्या रसात तरकाटा घातला. ज्या माणसाने अख्ख्या खोऱ्याला नमुना थंड करायला शिकवलं, त्याने! तो तक्ता चाळीस अंशांपर्यंतच आहे, बासिलिओ. कागद आत कशाने चिकटवलेला असतो ठाऊक आहे? लाखेच्या एका ठिपक्याने. काल मी तोच तरकाटा मुद्दाम गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवला. कागद माझ्या डोळ्यांदेखत आणखी केसभर खाली आला. आता तो पाण्यात ९९१ दाखवतो. म्हणजे शंकेला जागा राहिली नाही. मला जागा हवी होती, पण नाही.

एकोणीस, वीस, एकवीस ऑक्टोबर. पहिल्या पिंपाची तीन दिवसांची रीडिंग १०१०, १०१०, १०१०. तीन दिवस आकडा हलला नाही म्हणजे आंबणं संपलं, असं मी ऐटीत सांगितलं. आकडा हलला नाही हे खरं. पण तो १०१८ होता. त्या आठवड्यात दक्षिणेचा वारा होता, माझ्याच नोंदवहीत तो आठवडा थंड लिहिलाय. यीस्ट गारठून झोपलं होतं. तू चमचा तोंडात घेतलास, डोळे मिटलेस आणि म्हणालास, “जिभेच्या टोकाला साखर आहे. ही थांबलीये, संपलेली नाही. एक आठवडा थांबूया.”

आणि मी म्हणालो, “तुझ्या जिभेला आता पेन्शन दे.” सगळे हसले. तूही हसलास.

हिशेब असा. तू लिटरला सहा ग्रॅम साखर घातलीस, नेहमीसारखी. बाटलीत तिच्या तिप्पट साखर आधीपासूनच होती, न आंबलेली. ती मी ठेवली होती. नोव्हेंबर तापला, यीस्ट जागं झालं आणि बाटल्या फुटल्या.

तू साखर एकदाच घातली होतीस.

मी दवाखान्यात ओरडलो तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, मग स्वतःच्या हातांकडे बघितलंस आणि म्हणालास, “असेल. मी बोलत होतो तेव्हा.” मला तेव्हा वाटलं, बघा, कबूल केलं. तुला खरंच आठवत नव्हतं आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास. वहीत मी लाल शाईने लिहिलं, ‘साखर दोनदा – बासिलिओ.’ ते पान अजून तिथेच आहे. दर महिन्याला मी वेधशाळेचा वायुभारमापक दुसऱ्याशी ताडून बघायचो. एकतीस वर्षांत एक महिना चुकवला नाही. स्वतःचा काटा साध्या पाण्यात एकदाही सोडला नाही, कारण तो माझा होता.

मला लाज वाटते. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय, तेव्हा अक्षर वाकडं आलं असेल तर समजून घे.

तुझ्या आधी मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. उद्या सकाळी भट्टीवर जाऊन नासारेनाला सांगतो.

एवारिस्तो


एल बोल्सोन, ६ फेब्रुवारी २०००

बासिलिओ,

तीन आठवडे झाले, तू गप्प आहेस. रागावला असशील. राग, ही मला माहीत असलेली तुझी सगळ्यात चांगली अवस्था. रडत बसला असशील तर मात्र मला काळजी आहे.

नासारेनाला सांगितलं. ती कणीक मळत होती. मी उभ्यानेच सगळं बोललो, आकड्यांसकट. ती मळायची थांबली नाही. शेवटी हात झाडून म्हणाली, “बाबांना कळवलंत?”

“कालच पत्र टाकलं.”

मग ती बाकावर बसली. म्हणाली, “काका, तीन वर्षं मी त्यांना प्रत्येक पत्रात लिहीत होते, बाबा, मी माफ केलंय. तीन वर्षं! माफ करण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं.” आणि तिला असं रडू आलं की मला तिथे उभं राहवेना आणि जाववेना. पिठाच्या हाताने तोंड पुसलं, त्या रेघेवर पीठ लागलं. मी रुमाल पुढे केला तर तिने माझा हात झटकला. योग्यच केलं. दुकानात गिऱ्हाईक आलं तेव्हा ती उठली, त्याला पाव दिला, आणि मला म्हणाली, “शनिवारी मंडळाची बैठक आहे ना? तिथे बोला. जसं तेव्हा चारचौघांत बोललात तसं.”

म्हणून शनिवारी दुपारी मी सगळ्यांसमोर टेबलावर नळकांडं ठेवलं, नळाचं पाणी ओतलं आणि तरकाटा सोडला. एकेकाला वाकून वाचायला लावलं. लालो म्हणाला, “म्हणजे तुमची ती प्रसिद्ध १००६...?” मी म्हणालो, “१०१४. तुझ्यापेक्षा वाईट.” कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, मी तयारी करून गेलो होतो. मग मी वहीतलं ते लाल पान वाचलं, खाली लिहिलं, ‘चूक माझी. साखर एकदाच पडली होती,’ आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. नासारेना मागे दाराशी उभी होती. सही करायला ती सगळ्यात शेवटी आली.

माझ्याशी ती अजून कमी बोलते. पण काल वाटेवर भेटली तेव्हा पाव दिला, कालचा होता.

आता कामाचं. डिसेंबरची ती जड खेप मंडळात वाटून टाकली. एस्केलहून नवा तरकाटा आणला, तीनदा पाण्यात बघितला, बरोब्बर हजार. अठरा जानेवारीला नवी खेप घातली, सुरुवात १०५२, या वेळी खरी. १०११ पर्यंत यायला हवी होती. पण मागच्या आठवड्यात पुन्हा दक्षिणेचा वारा, डोंगरमाथ्यावर उन्हाळ्यात बर्फ, आणि गेले तीन दिवस आकडा एका जागी अडकलाय. कितीवर, ते तुला सांगत नाही.

लालो म्हणतो, माल्ट भिजवताना पाणी जास्त गरम झालं असेल, यीस्टला न पचणारी साखर उरली असेल, म्हणजे संपलं, भरून टाका. मला वाटतं यीस्ट झोपलंय. माझ्या काट्याला दोन्ही सारखंच दिसतं. किती उरलंय ते तो सांगतो, काय उरलंय ते सांगत नाही. लग्नात दीडशे माणसं असतील, पोरं टेबलांखाली खेळत असतील. यावेळी मी अंदाजाने भरणार नाही. खोऱ्यात ते सांगू शकेल अशी एकच जीभ होती, आणि तिला मी पेन्शनीत काढलं.

सोबत बसच्या ड्रायव्हरबरोबर अर्धा लिटर पाठवतोय, बर्फात, प्लास्टिकच्या बाटलीत, बूच सैल. काच नाही. लेबलवर आकड्याची जागा कोरी ठेवलीये. चाख, आणि काय वाटतं ते लिही. मला शिव्या द्यायच्या असतील तर लेबलच्या मागे पुष्कळ जागा आहे.

एवारिस्तो


एल बोल्सोन, १५ फेब्रुवारी २०००

बासिलिओ,

लेबल मिळालं. पुढच्या बाजूला तुझं ते पिठात बुडवल्यासारखं अक्षर: ‘१०१८. टोकाला साखर. झोपलीये. भरू नकोस, गाढवा.’ मागच्या बाजूला: ‘शनिवारच्या बसने येतो. पोरीसाठी आणि बिअरसाठी. तुझ्याशी बोलणार नाही.’

मी ते लेबल घेऊन भट्टीपर्यंत पळत गेलो. बदकासारखा. नासारेनाने वाचलं, पुन्हा वाचलं, दुकानाचं दार लावून घेतलं आणि मला इतक्या जोरात मिठी मारली की माझा चष्मा वाकला. आज ताजा पाव मिळाला.

आकडा १०१७ होता. तू एकाने चुकलास. मी कुणाला सांगणार नाही.

बोलू नकोस, ठीक आहे. मी शेडच्या दाराला खिळा ठोकून कागद-पेन्सिल टांगलंय. तुझा चमचा धुऊन ठेवलाय.

ए.


शेडच्या दारावरचे कागद

१९ फेब्रुवारी
बासिलिओ, पिंप कोपऱ्यात आहे. काय करू?
– दगडी फरशीवरून उचल. खाली फळी. घोंगडी गुंडाळ. सकाळ-संध्याकाळ हलकेच हलव, तुझ्या बैलासारख्या हाताने नको. मी हलवतो.

२१ फेब्रुवारी
१०१५. बुडबुडे सुरू झालेत. काल तू पोरीबरोबर चर्चमध्ये चालायचा सराव करत होतास ते खिडकीतून बघितलं. डावा पाय आधी टाकतोस, ती उजवा टाकते.
– खिडकीतून बघत जाऊ नकोस.

२४ फेब्रुवारी
१०११.
– उद्या आणि परवा पण बघ. आधी पाण्यात.

२६ फेब्रुवारी
पाण्यात हजार. बिअर तिन्ही दिवस १०११. तू काय म्हणतोस?
– चाखली. कोरडी. भर.

साखर तूच मोज. मी बाहेर उभा राहतो, नाहीतर मी काहीतरी बोलेन आणि तुझा हात चुकेल.
– आत ये. वही आण. मी मोजतो, तू बघ, आणि मी सांगतो तसं लिही.

वहीतली नोंद, २६ फेब्रुवारी २०००, निळी शाई:
साखर, लिटरला सहा ग्रॅम. एकदाच. घालणारा – बासिलिओ. बघणारा – एवारिस्तो. मोजताना दोघंही बोलत होते.